हवामानाचा हिशेब राज्यांच्या दप्तरात

दिवाळीच्या आगेमागे राजधानीच्या आकाशावर धुराचे सावट पसरले, की दोषारोपांचा ठरलेला हंगामही सुरू होतो. दिल्ली पंजाबकडे बोट दाखविते, पंजाब केंद्राच्या धान्यखरेदीकडे बोट दाखवितो आणि केंद्र सरकार यंत्रांसाठी दिलेल्या अनुदानाचा हिशेब राज्यांकडे मागते. काही आठवड्यांनी वारा फिरतो, धूर विरतो आणि वादही विरतो. या धुराचे मूळ शोधू जाता त्याची एक वाट चंडीगढच्या सचिवालयातील दोन निर्णयांपर्यंत जाऊन पोहोचते. पहिला निर्णय १९९७ चा. त्या वर्षी पंजाबात शेतीपंपांना मोफत वीज देण्यास प्रारंभ झाला आणि मधला थोडा काळ वगळता ती सवलत आजतागायत चालू आहे. पंप चालविण्यास पैसा लागेनासा झाल्यावर मुळात गव्हाच्या त्या प्रदेशात भाताचे पीक अधिकच फोफावले आणि भूजलाची पातळी वर्षागणिक खाली जात राहिली. वर्षभरात उपसण्याजोगे जेवढे भूजल उपलब्ध होते, त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी आज पंजाब उपसतो.

दुसरा निर्णय २००९ चा. भूजलाची ही घसरण रोखण्यासाठी राज्याने कायदा केला आणि १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. कडक उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन जाऊ नये, हा त्यामागील हेतू सर्वस्वी योग्य होता. शेजारच्या हरियाणानेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करण्यास शेतकऱ्याच्या हाती मोजके दिवस उरले. यंत्राने कापलेल्या भाताची उभी धसकटे काढण्यापेक्षा ती पेटवून देणे त्याला स्वस्त आणि सोपे वाटले. वारे मंदावण्याच्या आणि हवा थंडावण्याच्या नेमक्या दिवसांत हा धूर दिल्लीच्या दिशेने येऊ लागला. दिल्लीच्या प्रदूषणाचे हे एकमेव कारण अर्थातच नव्हे. हमीभावाने होणारी तांदळाची खरेदी, दिल्लीतील वाहने, बांधकामे आणि परिसरातील उद्योग यांचा वाटा त्यात आहेच. तरीही वीजदराच्या एका निर्णयाचे परिणाम बारा वर्षांनी पाण्याच्या कायद्यात आणि पुढे शेकडो किलोमीटर दूरच्या शहरातील मुलांच्या फुप्फुसांत उमटावेत, ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

या दोन्ही निर्णयांच्या मथळ्यांत 'हवामान' हा शब्द नव्हता. एक निर्णय विजेचा होता, दुसरा शेतीच्या पाण्याचा. पंजाबच्या हवामानविषयक धोरणाचा माग काढण्यास निघालेल्या अभ्यासकाने पर्यावरण खात्याचे कपाट उघडले असते, तर त्याला ते तेथे सापडलेही नसते. नेमका हाच आपल्या देशातील हवामान-धोरणाच्या चर्चेतील दोष आहे. वचने आंतरराष्ट्रीय परिषदांत दिली जातात, आराखडे पर्यावरण खात्यांत तयार होतात, आणि प्रत्यक्षात काय घडणार हे मात्र वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात, ऊर्जा खात्याच्या शासन निर्णयात, अर्थ खात्याने रोखून धरलेल्या अनुदानात आणि मुदतवाढीच्या एका ओळीच्या अधिसूचनेत ठरते. या कागदांचा माग ठेवणारी नियमित व्यवस्था आपल्या बहुतेक राज्यांत नाही. ती उभी राहिल्याखेरीज राष्ट्रीय वचनांचा हिशेब लागणे शक्य नाही.

वचने लहान नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगो येथील परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना चालणारी पाच लाख मेगावॉटची वीजक्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन अशी लक्ष्ये जाहीर केली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांना कळविलेल्या अधिकृत वचनांत, २०३० पर्यंत स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्मेतर स्रोतांची असेल, असे सांगण्यात आले. हा निम्म्याचा टप्पा २०२५ च्या मध्यासच, म्हणजे पाच वर्षे आधी गाठला गेला. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. सूर्य दिवसा तळपतो, वारा हंगामात वाहतो. त्यामुळे प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही ७० टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता उभारणे हे भांडवल आणि निविदा यांनी साधते. ती वीज तारांतून वाहून नेणे, विकत घेणे आणि तिच्याभोवती शेतीचे, कारखान्यांचे व शहरांचे वेळापत्रक बसविणे हे काम राज्यांचे आहे.

राज्यघटनेचीच रचना तशी आहे. वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. जमीन, पाणी, शेती आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. सौर प्रकल्पाला जमीन राज्य देते, वाहिनीसाठी मनोऱ्याच्या जागेचा मोबदला जिल्हाधिकारी ठरवितो, इमारतीत ऊर्जाबचतीचे नियम पाळले गेले की नाही हे नगरपालिकेचा अभियंता पाहतो आणि विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. केंद्राने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता तयार केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. परंतु ती लागू होण्यासाठी प्रत्येक राज्याने आपली अधिसूचना काढावी लागते आणि स्थानिक बांधकाम नियमांत ती उतरावी लागते. दिल्लीतील संहिता आणि एखाद्या शहरातील बांधकाम परवाना यांच्यामधील हे अंतर ओलांडण्यास काही राज्यांना वर्षानुवर्षे लागली आहेत.

राज्यांना या कामात सामील करून घेण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३० जून २००८ रोजी हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सौरऊर्जेपासून शाश्वत शेतीपर्यंत आठ अभियाने होती. पुढील वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यांच्या पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेत प्रत्येक राज्याने आपापला आराखडा तयार करावा, असे सांगण्यात आले. ओडिशासारखी राज्ये या कामात पुढे राहिली. महाराष्ट्राने 'टेरी' या संस्थेकडून अभ्यास करवून घेतला आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. कालांतराने ३४ राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी आपले आराखडे तयार केले, अनेकांनी ते सुधारलेही. नवरोज दुबाश व अनु जोगेश या अभ्यासकांनी २०१४ मध्ये काही राज्यांच्या आराखड्यांची तपासणी करून, हा आरंभ उपयुक्त असला तरी विकासाच्या नियोजनाची दिशा बदलण्याची संधी त्यातून पुरेशी साधली गेली नाही, असे दाखवून दिले होते.

आराखडे वाचणाऱ्यास त्याची कारणे दिसतात. त्यांतील पुष्कळशा योजना आधीपासूनच चालू होत्या. त्यांना नवे शीर्षक मिळाले. खर्चाचे आकडे केंद्राकडून निधी येईल या अपेक्षेने मांडले गेले. प्राधान्य कशाला, हे बहुधा सांगितले गेले नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे आराखडे पर्यावरण खात्याचे होते, आणि सचिवालयाच्या उतरंडीत पर्यावरण खात्याचे स्थान काय असते हे या वाचकवर्गास सांगण्याची गरज नाही. ऊर्जा खाते त्याची फाइल वाचते. तिच्यावरून आपला निर्णय बदलत नाही.

लक्ष्य जाहीर होते, ते राज्यांत वाटले जाते आणि मग त्याचा जाब कोणी विचारत नाही, याचा अनुभव अलीकडचाच आहे. २०२२ अखेर अपारंपरिक ऊर्जेची १ लाख ७५ हजार मेगावॉट क्षमता उभारण्याचे लक्ष्य केंद्राने २०१५ मध्ये ठरविले आणि त्याची राज्यवार विभागणीही केली. मुदत संपली तेव्हा सुमारे १ लाख २० हजार मेगावॉटची मजल गाठली गेली होती. गुजरात, राजस्थान आणि कर्नाटक यांनी आपापला वाटा पूर्ण केला. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश ही मोठी राज्ये मागे राहिली. सर्वांत मोठी तूट छतावरील सौरऊर्जेची होती. तिचे लक्ष्य ४० हजार मेगावॉटचे होते आणि त्याचा एक चतुर्थांशही गाठला गेला नाही. जो ग्राहक सर्वाधिक दराने वीज घेतो, तोच छतावर सौर संच बसवून आपल्या हातून जाणार, ही वितरण कंपन्यांची धास्ती त्यामागे होती, आणि तिचे प्रतिबिंब जोडणीस होणाऱ्या विलंबात आणि मीटरच्या नियमांत पडत होते. परंतु कोणत्या राज्यात कोणत्या नियमामुळे किती तूट आली, याचे निवेदन विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

धोरणातील सातत्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने १ जुलै रोजी समिती नेमून आधीच्या राजवटीत झालेल्या सौर व पवन वीजखरेदी करारांचे दर खाली आणण्याचे ठरविले. जुने दर चढे होते, हा सरकारचा मुद्दा निराधार नव्हता. वितरण कंपन्या तोट्यात होत्या आणि सौरऊर्जेच्या किमती मधल्या काळात कोसळल्या होत्या. तथापि एकदा झालेला करार राज्य एकतर्फी बदलू शकते, असा संदेश त्यातून गेला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी राज्याला पत्रे लिहिली, जपानच्या राजदूतांनीही चिंता व्यक्त केली. उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तात्पुरता कमी दर ठरविला. २०२२ च्या मार्चमध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवून कराराप्रमाणे थकबाकी देण्याचा आदेश दिला. त्यानंतर पुन्हा सत्तांतर झाले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच राज्याने १ लाख ६० हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे स्वच्छ ऊर्जा धोरण जाहीर केले. पाच वर्षांत एका राज्याने ही दोन टोके गाठली. गुंतवणूकदार अशा राज्याकडे वीज विकताना जोखमीचा दर लावून विकतो, आणि तो दर शेवटी ग्राहकाच्या बिलात येतो.

मराठी वाचकास या कथेतील ओळखीचे वळण चटकन दिसेल. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये तो रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन पुन्हा जिवंत झाला आणि २००१ मध्ये न परवडणारी ती वीज घेणे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने थांबविले. त्या वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या व्यवहाराची चिकित्सा केली. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने तर त्याआधीच करारातील कलमे आणि आकडे वाचून त्यांचे परिणाम लोकांपुढे मांडले होते. त्या संस्थेने पुढे देशात अनेक ठिकाणी घरोघरी यंत्रे बसवून वीज किती तास आणि किती दाबाने येते, याच्याही नोंदी ठेवल्या. धोरणाचा माग काढणे म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्राने तीस वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. भाषणांत करार दिसत नाही. तो कागद मागून घ्यावा लागतो आणि वाचावा लागतो.

अशा वाचनासाठी कायद्याने सोय करून ठेवली आहे. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि अर्ज आल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यावा लागतो. राज्य सरकारला एखाद्या वर्गास सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम आगाऊ भरण्याचे बंधन याच कायद्याच्या ६५ व्या कलमात आहे. दरवर्षी दराचा आढावा घ्यावा, असे अपिलीय विद्युत न्यायाधिकरणाने २०११ मध्ये बजावले आहे. आता राजधानीचेच उदाहरण पाहावे. दिल्लीत २०२१ च्या सप्टेंबरनंतर बराच काळ नवा दर-आदेशच निघाला नाही. आयोगाच्या अध्यक्षाच्या नेमणुकीवरून दिल्ली सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात २०२३ मध्ये वाद झाला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला हंगामी अध्यक्ष नेमावा लागला. दरम्यान, आज वसूल न केलेला खर्च पुढे कधीतरी वसूल करू, अशा नोंदी साचत गेल्या. दिल्लीतील वितरण कंपन्यांच्या हिशेबात ही रक्कम २७ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये या साचलेल्या येण्यांची वसुली ठरावीक मुदतीत संपविण्याचा आदेश देशभरच्या आयोगांना दिला.

याचा हवामानाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध थेट आहे. देशातील वितरण कंपन्यांचा संचित तोटा २०२४ च्या मार्चअखेर सुमारे सात लाख कोटी रुपयांवर गेला होता. ज्या कंपनीच्या तिजोरीत पैसा नाही, ती पवन आणि सौर उत्पादकांची बिले थकविते, नव्या करारांवर सही करण्यास कचरते आणि जुन्या औष्णिक केंद्राशी बांधलेली वीज आधी वापरते. तामिळनाडूत सौर प्रकल्पांची वीज तांत्रिक कारण नसताना नाकारली गेल्याचे प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये भरपाईचा आदेश निघाला. भार-प्रेषण केंद्रातून निघालेली अर्ध्या ओळीची सूचना राज्याच्या हवामान-धोरणाला अशी निष्प्रभ करू शकते.

मग राज्यांची क्रमवारी लावली तर? निती आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यांचा ऊर्जा व हवामान निर्देशांक प्रसिद्ध केला. सहा निकष आणि २७ उपनिकष त्यात होते. मोठ्या राज्यांत गुजरात, केरळ आणि पंजाब हे पहिले तीन आले. छोट्या राज्यांत गोवा पहिला आला. मोठ्या राज्यांच्या तळाशी छत्तीसगढ होते. प्रयत्न स्तुत्य होता, परंतु क्रमवारीच्या मर्यादाही त्याने दाखवून दिल्या. सर्वाधिक भार वितरण कंपन्यांच्या कामगिरीवर असल्याने भूजल उपसून टाकणारा पंजाब तिसरा ठरला. गोव्यात मोठे औष्णिक केंद्र नाही. त्याला लागणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा केंद्रीय वाट्यातून येतो, आणि त्यात छत्तीसगढमधील कोरबा येथील कोळशाची वीज आहे. प्रकाश पणजीत पडतो, राख कोरब्यात साचते. क्रमवारीत मात्र गोवा शिरोभागी आणि छत्तीसगढ तळाशी! कोरब्याची वीज महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशही घेतात. एखाद्या राज्याचे हवामान-धोरण मोजताना त्याने आपला भार कोणाच्या अंगणात टाकला आहे, हेही मोजावे लागेल.

कोळशाच्या राज्यांचा प्रश्न तर स्वतंत्रपणेच पाहण्यासारखा आहे. झारखंडने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्याय्य संक्रमणासाठी कृती दल नेमले. देशातील असा तो पहिलाच प्रयत्न होता. कोळसा उद्या कमी होणार असेल, तर खाणीतील कामगार, मालमोटारीचा चालक आणि सायकलवरून कोळसा वाहून विकणारा माणूस यांचे काय, हा प्रश्न राज्याने अधिकृतपणे विचारला. त्याच सुमारास या राज्यांच्या तिजोरीचे कोळशाशी असलेले नाते मात्र अधिक घट्ट झाले. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने, खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय बहुमताने दिला आणि पुढील महिन्यात १ एप्रिल २००५ पासूनच्या थकीत वसुलीची मुभा दिली. राज्यांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. परंतु जे राज्य खनिजाच्या उत्पन्नावर शाळा आणि रस्ते चालविते, त्याने खाण बंद करण्याचे वेळापत्रक स्वतःहून मांडावे, ही अपेक्षा कितपत वास्तव आहे? या राज्याचा माग ठेवणाऱ्याने कृती दलाच्या अहवालाइतकेच त्याच्या अर्थसंकल्पातील महसुलाचे पान वाचले पाहिजे.

महाराष्ट्रातही अशी दोन पाने शेजारीशेजारी आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. गावालगत सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या फीडरला द्यायची, ही कल्पना उत्तम आहे. रात्री-अपरात्री पाणी धरण्यासाठी शेतात जाताना सापाचे आणि बिबट्याचे भय बाळगणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल विचारावे. दुसरे पान २०२४ चे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देणारी मुख्यमंत्री बळीराजा योजना त्या वर्षी आली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ आणि वर्षाला १४ हजार कोटींहून अधिक रुपयांचा भार, असे सरकारनेच सांगितले. कोरडवाहू महाराष्ट्रातील छोट्या शेतकऱ्याला दिलासा द्यायला हवा, याविषयी दुमत नाही. परंतु एक योजना पुरवठ्याचा खर्च कमी करते आणि दुसरी पाणी जपून वापरण्याचे कारणच काढून घेते. पंजाबने १९९७ मध्ये याच वाटेवर पहिले पाऊल टाकले होते. मराठवाड्यातील विहिरी आणि विंधनविहिरी या दोन योजनांच्या एकत्रित परिणामाला पुढील काही वर्षांत कसे तोंड देतात, याची तालुकावार नोंद आतापासून ठेवली गेली पाहिजे. ऊर्जा खाते मेगावॉट मोजील, भूजल यंत्रणा पातळी मोजील, पण दोन्ही आकडे एका कागदावर आणणे हे कोणाचे काम, हे आधी ठरले पाहिजे.

यावर एक उत्तर असे दिले जाते की, राज्यांच्या हाती काही ठेवूच नये. अपारंपरिक वीज किती घ्यायची, हे पूर्वी प्रत्येक राज्याचा नियामक आयोग ठरवीत असे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली देशभर एकच प्रमाण ठरविले. २०२४-२५ साठी ते २९.९१ टक्के आहे आणि २०२९-३० पर्यंत ते ४३.३३ टक्क्यांवर जायचे आहे. यामुळे शिस्त येईल, हे खरे. तथापि ज्या राज्यात ना मोकळे वाळवंट, ना वाऱ्याचे डोंगर, त्याने राजस्थान आणि गुजरातइतकेच प्रमाण गाठावे, ही सक्ती राज्यांना खटकते आणि ती तक्रार अगदीच अनाठायी नाही. दर ठरविण्याचा राजकीय भार राज्याने सोसायचा आणि लक्ष्य दिल्लीने ठरवायचे, ही व्यवस्था फार काळ सुरळीत चालत नाही. वरून आलेल्या टक्केवारीला राज्ये कागदावर होकार देतात आणि मुदतवाढीत नकार देतात. दिल्ली सरकारच्या विजेवरील वाहनांच्या धोरणाचे पाहा. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या या धोरणाची मुदत २०२३ मध्ये संपली आणि नवे धोरण येण्याऐवजी त्यालाच पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. एका चांगल्या धोरणाचे हे हाल राजधानीत होत असतील, तर दूरच्या राज्यांचे काय सांगावे?

म्हणून केंद्रीकरणापेक्षा हिशेबाची सवय अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक राज्याने अर्थसंकल्पी अधिवेशनात, आर्थिक पाहणी अहवालाला जोडून, एक साधे निवेदन विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे. ऊर्जा, शेती, पाणी, वाहतूक आणि नगरविकास या खात्यांचे कोणते आदेश लागू आहेत व ते कोणत्या तारखेचे आहेत; त्यांत कोणते लक्ष्य कोणत्या मुदतीचे आहे; तरतूद किती झाली व प्रत्यक्षात किती पैसा दिला गेला; आणि मुदत वाढविली अथवा नियम बदलला असेल तर का, एवढे चार रकाने पुरेत. वीज सवलतीची रक्कम आगाऊ भरली की नाही, दर-आदेश १२० दिवसांत निघाला की नाही आणि आयोगातील किती पदे रिकामी आहेत, ही माहितीही त्यात असावी. ओडिशा आणि बिहार यांनी २०२०-२१ पासून अर्थसंकल्पासोबत हवामान अथवा हरित खर्चाचे विवरण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा हे अशक्य नाही. हे निवेदन पर्यावरण खात्याने नव्हे, तर मुख्य सचिवांनी सही करून द्यावे आणि महालेखापालांनी त्याची तपासणी करावी. लोकलेखा समितीत मग विरोधी पक्षालाही भाषणाऐवजी आकड्यावर बोट ठेवता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मार्चमध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणी निर्णय देताना, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला आणि तो समानतेच्या व जीविताच्या हक्कांशी जोडला. राजस्थान-गुजरातमधील वीजवाहिन्या आणि एक दुर्मिळ पक्षी यांच्या वादातून हा हक्क पुढे आला. हक्क मान्य झाला, पण तो बजावण्यासाठी नागरिकाच्या हाती नोंद हवी. कोणी, केव्हा, काय ठरविले आणि काय केले नाही, हे दाखविणारा कागद नसेल, तर असा हक्क निकालपत्रापुरताच राहतो.

दिल्लीच्या मंत्रालयांत आणि निरनिराळ्या राज्यांच्या सेवेत काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांचा या कामाशी थेट संबंध आहे. निर्णयाची टिपणी तेच लिहितात आणि मुदतवाढीचा मसुदाही तेच करतात. त्या मसुद्यात कारणाची दोन प्रामाणिक वाक्ये आली, तरी पुढच्या अभ्यासकाचे अर्धे काम होईल. बडोदे, इंदूर, हैदराबाद वा दिल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही आपल्या राज्याच्या आयोगाची जनसुनावणी ही वकिलांची आणि कारखानदारांची बाब समजू नये. तेथे ठरलेला दर त्यांच्या बिलावर येतो, आणि तेथे न घेतलेला निर्णय त्यांच्या हवेत आणि पाण्यात येतो. हरकत नोंदविण्यास राज्याचा मूळ रहिवासी असावे लागत नाही. ग्राहक असणे पुरते.

२०३० पूर्वी आता राज्यांचे मोजकेच अर्थसंकल्प उरले आहेत. नवी घोषणा करण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे, पण त्याने काही साधणार नाही. जुन्या घोषणांचे काय झाले, हे पुढच्याच अधिवेशनात सांगण्यास जे राज्य तयार होईल, त्याच्याच नव्या वचनावर विश्वास ठेवावा.